दुकानातली तूट आणि उचलेगिरी: मुंबईतल्या दुकानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावातल्या आमच्या किराणा-जनरलच्या दुकानात लाकडी काउंटरमागे उभं राहून मी धंदा शिकलो. गिऱ्हाईक बाहेर, माल आत. पुढे काउंटर काढून रॅक लावले, लोक आत फिरून स्वतः वस्तू घेऊ लागले, विक्री वाढली आणि पहिल्याच वर्षाच्या मोजणीत माल कमी भरला. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे आहे. आता दादर, परळ, पार्ले, मुलुंड इथल्या लहान-मध्यम दुकानांची मोजणी करून देतो. मोजणी संपून चहा आला की जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे लिहिले आहेत. फौजदारी कायद्याची कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतली आहेत. प्रत्यक्ष प्रकरण अंगावर आलं तर वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

तूट म्हणजे चोरीच ना?

नाही. हिशोबाप्रमाणे जेवढा माल असायला हवा आणि मोजल्यावर जेवढा भरतो, त्यातला फरक म्हणजे तूट. त्यात चोरी असते, पण तिच्यासोबत बिलातल्या चुका असतात, टेम्पोतून कमी उतरलेला माल असतो, उंदरांनी कुरतडलेलं पोतं असतं, सेल्समनने परत नेलेली आणि कुठेच न लिहिलेली एक्सपायरी असते.

गणित अवघड नाही, फक्त सगळे आकडे खरेदी भावाने धरा. समजा महिन्याच्या सुरुवातीला ६,००,००० रुपयांचा माल होता. महिन्यात ४,००,००० ची खरेदी झाली. विकलेला माल खरेदी भावाने ३,८५,००० चा. म्हणजे दुकानात ६,१५,००० चा माल हवा. मोजला तेव्हा ६,०६,००० चा भरला. तूट ९,००० रुपये. त्या महिन्याची विक्री ४,३०,००० असेल तर ही तूट विक्रीच्या २ टक्क्यांहून किंचित जास्त झाली. पुष्कळ जण एकीकडे खरेदी भाव आणि दुसरीकडे एमआरपी धरून बसतात. मग नसलेली तूट दिसते, नाहीतर असलेली दडून राहते.

दोन टक्के म्हणजे फार आहे का?

किराण्यात फार आहे. तुपाचा ३०० रुपयांचा डबा तुम्हाला २७६ ला पडला, तर डब्यामागे २४ रुपये सुटतात. एक डबा गेला की ते २७६ रुपये भरून यायला जवळजवळ बारा डबे विकावे लागतात, आणि त्या बारा डब्यांतून भाडं, वीज, पगार यांना काहीही उरत नाही. ‘एवढी तूट चालते’ असा आकडा मी कुणाला देत नाही. कपड्याचं दुकान, औषधाचं दुकान आणि किराणा यांचं गणित वेगळं. तुमच्याच दुकानाचा मागच्या वर्षीचा आकडा समोर ठेवा.

माल कमी भरला. आधी कुठे बघू?

आधी कागद, मग काउंटर, मग माणसं. हा क्रम मी कुणाच्याही सांगण्यावरून बदलत नाही, आणि त्याचं कारण परळचं एक दुकान आहे.

तिथे दोन महिने अंगाचा साबण कमी भरत होता. शेठचा संशय रॅक भरणाऱ्या मुलावर. मुलाला कुणी तोंडावर काही म्हटलं नव्हतं, पण शेठ त्याच्याशी कामापुरतंच बोलायचे आणि ते त्याला कळत होतं. मी एक अख्खी संध्याकाळ बिलिंगच्या बाजूला उभा राहिलो. साबण चारच्या पॅकमध्ये येत होता. बाहेरच्या वेष्टनावर पॅकचा बारकोड, आतल्या प्रत्येक वडीवर वडीचा. वेष्टन पारदर्शक. घाईत पॅक कसाही फिरवला की मशीन आतल्या वडीचा बारकोड वाचायचं. पिशवीत चार वड्या, बिलात एक. गिऱ्हाइकाच्याही लक्षात येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेठनी सगळ्यांसमोर त्या मुलाला सांगितलं की चूक आपली होती. असं सांगणारे मालक मला फार भेटलेले नाहीत.

म्हणून ‘वन’, ‘फोर’, ‘सिक्स’ अशा पॅकमध्ये येणाऱ्या वस्तू आधी तपासा. आतला बारकोड दिसत असेल तर त्यावर कागदी पट्टी चिकटवा.

त्यानंतर आवक. टेम्पो उभा राहतो तो डबल पार्किंगमध्ये, मागून हॉर्न वाजत असतात, ड्रायव्हर घाई करतो आणि आपण चलनावर सही करून मोकळे होतो. खोकी मोजतो, खोक्यात काय आहे ते मोजत नाही. पट्टी दुसऱ्यांदा चिकटवलेली वाटली तर ते खोकं तिथेच उघडा. पोत्यातला माल येत असेल तर काट्यावर ठेवा आणि बारदान वजा करा. ५० किलोच्या पोत्यात अर्धा किलो कमी आणि महिन्याला बारा पोती, म्हणजे सहा किलो साखर. ती कुणी चोरलेली नसते, ती तुमच्याकडे आलेलीच नसते.

स्कीमचा माल हा आणखी एक घोळ. ‘बारावर एक फ्री’ आला, तेरावा नग रॅकवर लागला, पण कॉम्प्युटरमध्ये चढवला नाही. मोजणीत एक नग जास्त दिसतो. जास्त दिसला म्हणून आपण खूश होतो, आणि त्याच वस्तूचा चोरीला गेलेला एक नग त्याखाली झाकला जातो. जास्त भरलेला मालही कमी भरलेल्या मालाइतकाच कसून तपासा.

एक्सपायरीचं तसंच. सेल्समन गठ्ठा उचलतो, ‘पुढच्या बिलात क्रेडिट नोट येईल’ म्हणतो. तारीख, नग आणि त्याची सही घेतल्याशिवाय एकही नग दाराबाहेर जाऊ देऊ नका.

मुंबईत मोठी गळती फोनवरच्या ऑर्डरींची आहे. ‘पाचव्या मजल्यावर दोन लिटर तेल आणि डाळ पाठवा,’ असा निरोप येतो, मुलगा सामान बांधून धावतो, बिल नंतर करायचं ठरतं आणि समोर चार गिऱ्हाइकं उभी राहिली की राहून जातं. उधारीच्या वहीतही असंच होतं. बिल छापल्याशिवाय पिशवी काउंटरवरून उचलायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी फरक पडतो.

पावसाळ्यात तूट वाढलेली का दिसते?

दमटपणामुळे. जून ते सप्टेंबर बिस्किटं आणि वेफर्स मऊ पडतात, रव्यात आणि डाळीत किडे होतात, पापडांना बुरशी लागते. माणूस खराब झालेला नग उचलून कचऱ्यात टाकतो आणि लिहीत नाही. मोजणीत तो चोरीला गेल्यासारखाच दिसतो. काउंटरखाली एक वही टांगून ठेवा: तारीख, वस्तू, नग, कारण. चार रकाने पुरतात.

पाणी भरणाऱ्या भागात, हिंदमाता असो की किंग्ज सर्कल, सगळ्यात खालचा खण पावसाळ्याच्या चार महिन्यांत रिकामा ठेवा किंवा तिथे बादल्या-मग मांडा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुर्ला-कलिन्याकडच्या ओळखीच्या दुकानदारांनी त्यानंतर भिजलेला माल दोन दिवस ट्रकमध्ये भरून टाकला. वास असह्य होता, यादी करायला कुणाला सुचणार? पण यादी आणि फोटो नसले की पुढे विम्याला दाखवायला हातात काही राहत नाही.

उचलेगिरी करणारा माणूस ओळखायचा कसा?

चेहऱ्यावरून, कपड्यांवरून, भाषेवरून ओळखता येत नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि या उत्तरावर सगळ्यात जास्त वाद होतो, तरी माझं उत्तर तेच आहे. मी कॅमेऱ्यात पाहिलेल्यांत चांगल्या नोकरीतले होते, रोज येणारे होते, देवळातून थेट दुकानात आलेले होते.

‘उचल्या’ हा शब्द आपण सहज तोंडात घेतो. ते एका जमातीचं नावही आहे, त्यामागचा इतिहास माहीत असावा. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि त्याखाली अख्ख्या जमातींवर जन्मापासून चोर असल्याचा शिक्का मारला. त्या लोकांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवानगी लागे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची त्यांची वसाहत होती, तिला आजही लोक सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. आजही त्यांच्यातली एखादी बाई दुकानात शिरली की नोकर तिच्या मागे मागे फिरतो, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या रांगेत कोण काय खिशात घालतं आहे ते बघायला कुणी नसतं. हे चुकीचं आहे, आणि धंद्याच्या दृष्टीनेही तोट्याचं आहे.

वागण्याकडे मात्र लक्ष असावं. एकाच रांगेत पुन्हा पुन्हा येणं, वस्तूपेक्षा नोकर कुठे आहेत याकडे जास्त बघणं, एकाने काउंटरवर लांबलचक चौकशी लावणं आणि सोबतच्याने मागे जाणं. यातलं काहीही पुरावा नाही. एवढं दिसलं की जवळ जा आणि ‘काय हवंय, काढून देऊ का?’ असं विचारा. प्रामाणिक गिऱ्हाइकाला ती मदत वाटते. ज्याच्या मनात दुसरं काही असतं, तो वस्तू जागेवर ठेवून निघून जातो.

मग चोरी होऊच नये म्हणून काय करता येईल?

आत येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून ‘या’ म्हणा. पैसे पडत नाहीत, आणि माझ्या अनुभवात यासारखा दुसरा उपाय नाही. कुणीतरी आपल्याला पाहिलं आहे हे माणसाला कळलं की पुष्कळ काही टळतं.

मांडणी बदला. मधले रॅक छातीपेक्षा उंच नकोत. दाढीच्या ब्लेडची कार्ट्रिज, बाळांच्या दुधाची पावडर, काजू-बदाम, तूप, डिओडरंट, केसांचा रंग, बॅटरी सेल हा माल लहान, महाग आणि कुठेही सहज विकला जाणारा आहे. तो गल्ल्यावरच्या माणसाला मान न वळवता दिसेल असा लावा. रॅकची पुढची रांग भरलेली असू द्या. भरलेल्या रांगेतून तीन नग गेले तर खाच दिसते, विस्कटलेल्या रॅकमध्ये दहा गेले तरी कळत नाही.

यांतल्या दहा वस्तू निवडा आणि रोज शटर ओढण्याआधी मोजा. दहा मिनिटं लागतात. वर्षाअखेरीला ‘चाळीस डबे कमी’ कळून काय करणार? ‘आज दुपारनंतर दोन डबे कमी’ कळलं तर त्या दिवसाचं फुटेज अजून शाबूत असतं.

गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यात दादरला फुटपाथपर्यंत माल मांडायची पद्धत आहे. बाहेर मांडायचाच असेल तर स्वस्त आणि मोठ्या आकाराचा मांडा, आणि त्यासाठी एक माणूस वेगळा उभा करा.

सेन्सर गेट आणि टॅग लावावेत का?

कपडे, चपला, सौंदर्यप्रसाधनं असतील तर विचार करा. किराण्यात टॅग लावायची मजुरीच परवडत नाही. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात: ५८ किलोहर्ट्झवर चालणारे आणि ८.२ मेगाहर्ट्झवर चालणारे. एकाचे टॅग दुसऱ्याच्या गेटवर वाजत नाहीत, म्हणून स्वस्त मिळाले म्हणून भलतेच टॅग घेऊ नका.

गेट वाजलं म्हणजे चोरी सिद्ध झाली, असं समजू नका. बऱ्याचदा काउंटरवर टॅग काढायचा राहिलेला असतो, किंवा दुसऱ्या दुकानाचा टॅग पिशवीत असतो. ‘ताई, टॅग काढायचा राहिला वाटतं, जरा बघू का?’ हे वाक्य नोकरांकडून म्हणवून घ्या, अगदी पाठ होईपर्यंत.

कॅमेरे कुठे लावू? फुटेज कोर्टात चालतं का?

पहिला कॅमेरा गल्ल्यावर, पैसे घेणारे हात आणि बिलिंगची स्क्रीन दोन्ही दिसतील असा. दुसरा माल उतरतो त्या दारावर. तिसरा प्रवेशाजवळ, चेहऱ्याच्या उंचीवर. छताला लावलेल्या कॅमेऱ्यात डोक्याची टोपीच दिसते. ट्रायल रूममध्ये किंवा तिच्या आत डोकावेल असा कॅमेरा कधीही लावू नका. स्त्रीचं खासगी क्षणी चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी किमान एक वर्ष कैद आहे.

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरचं घड्याळ आजच मोबाईलशी जुळवा. मी तपासलेल्या एका ठिकाणी ते अकरा मिनिटं पुढे होतं, त्यामुळे बिलाची वेळ आणि चित्रातली वेळ जुळत नव्हती आणि भलत्याच गिऱ्हाइकावर नजर गेली होती.

फुटेज पुरावा म्हणून चालतं, पण त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे तपासायचा आकडा, लिहावं लागतं. डिस्क भरली की जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं, म्हणून प्रसंग घडला त्याच दिवशी प्रत काढून ठेवा. डीव्हीआर मात्र तसाच राहू द्या.

चोरी करताना समोर पकडलं. आता काय?

तो माणूस बिलिंग काउंटर ओलांडून पैसे न देता निघेपर्यंत थांबा. वस्तू पिशवीत ठेवणं म्हणजे चोरीच असं म्हणता येत नाही, पुष्कळ जण टोपली न घेता स्वतःच्या पिशवीतच सामान गोळा करतात. वस्तू उचलल्यापासून दारापर्यंत तुमच्या डोळ्यांसमोर होती याची खात्री नसेल तर सोडून द्या. दोनशे रुपयांच्या वस्तूपायी निरपराध माणसाला चारचौघांत थांबवणं ही भरून न येणारी चूक आहे.

खात्री असेल तर दोन माणसांनी जायचं, त्यातली एक शक्यतो बाई. आवाज चढवायचा नाही. ‘काका, एक वस्तू बिलात यायची राहिली, आत या ना.’ निम्म्याहून जास्त प्रसंग इथेच मिटताना मी पाहिले आहेत. वस्तू परत येते किंवा पैसे मिळतात.

पळाला तर मागे धावू नका. रस्त्यावर बस आहेत, बाइक आहेत.

पोलिसांत दिलं तर काय होतं?

भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर एक ते पाच वर्षं सक्तमजुरी आणि दंड. नवीन तरतूद अशी की मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा होते. असा प्रकार अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे पोलिस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतील, पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकणार नाहीत. माल ठेवण्याच्या इमारतीतली चोरी म्हणून कलम ३०५ लागू शकतं, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कोणतं कलम लावायचं ते पोलिस आणि कोर्ट बघतात. तुम्ही काय घडलं ते आणि तेवढंच सांगा.

फोन ११२ किंवा १०० वर. तक्रारीत वस्तूचं नाव, बारकोड, किंमत, वेळ आणि कोणी पाहिलं ते लिहा.

पोलिस येईपर्यंत थांबवून ठेवू शकतो का? झडती घेऊ का?

सामान्य नागरिकाला अटक करायचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे, पण तो गुन्हा त्याच्या समोर घडलेला, दखलपात्र आणि अजामीनपात्र असावा लागतो. शिवाय सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. वर सांगितलेली पाच हजारांची अट लक्षात घेतली तर चॉकलेट किंवा साबणासाठी कुणाला कोंडून ठेवणं किती धोक्याचं आहे ते कळेल. बेकायदा कोंडून ठेवलं तर न्याय संहितेचं कलम १२७ तुमच्यावर लागतं. एक थप्पड मारली तर कलम ११५.

झडती घ्यायचा अधिकार दुकानदाराला किंवा वॉचमनला नाही. ‘पिशवी दाखवता का?’ असं विचारता येतं, ओढून बघता येत नाही. अंगाला हात लावायचा नाही. पोलिसांनाही स्त्रीची झडती स्त्रीकडूनच घ्यावी लागते.

‘चोरी करताना सापडल्यास दसपट दंड’ अशी पाटी लावली असेल तर आजच काढा. दंड करायचा अधिकार कोर्टाचा आहे. पोलिसांची भीती घालून पैसे उकळणं खंडणीच्या कलमात, म्हणजे ३०८ मध्ये बसू शकतं.

शाळकरी मूल सापडलं तर?

वस्तू परत घ्या, घरच्यांना बोलावून घ्या, तोपर्यंत त्याला गर्दीपासून दूर बसवा आणि पाणी द्या. कायद्याप्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं बाल न्याय मंडळाकडे जातात. त्याचा चेहरा किंवा नाव उघड करणं हा मात्र तुमचा गुन्हा ठरतो: बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि वयस्क माणूस असेल तर?

हा प्रश्न वेगळा घेतो, कारण आमच्याच दुकानात एक आजी यायच्या. जरीकाठाचं नऊवारी, हातात कापडी पिशवी. पहिल्यांदा खोबरेल तेलाची बाटली तशीच घेऊन गेल्या, दुसऱ्यांदा हळदीचं पाकीट. तिसऱ्यांदा मी त्यांना थांबवलं तेव्हा त्यांनी बाटली हातात धरून विचारलं, ‘ही मी घेतली का?’ त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी चाळीत जाऊन त्यांच्या सुनेला भेटलो. सुनेलाही घरात असंच काही काही जाणवत होतं, पण ती कुणाला बोलली नव्हती. पुढे आमचं ठरलं: आजी जे नेतील ते लिहून ठेवायचं, सून महिन्याला पैसे देईल. आजींना कुणी कधी अडवलं नाही. विस्मरणाचा आजार असलेली माणसं पैसे द्यायला विसरतात. आवेग न आवरता येऊन वस्तू उचलण्याचा मानसिक आजारही असतो, तो विरळा आहे. दोन्हींत घरच्यांशी हळू आवाजात बोलणं हा पहिला उपाय.

चोराचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू का? दुकानात चिकटवू का?

नका. दोषी ठरवायचं काम कोर्टाचं आहे, आणि फोटोखाली ‘चोर’ लिहिलं की कलम ३५६ खाली बदनामीचा दावा होऊ शकतो. फुटेज पोलिसांना द्या.

नोकरावर संशय आहे. काय करू?

पुन्हा तेच: आधी कागद. बिलिंगच्या कॉम्प्युटरमधून तीन याद्या काढा. रद्द केलेली बिलं, परत घेतलेला माल, आणि विक्री नसताना गल्ला उघडल्याच्या वेळा. एकाच माणसाच्या पाळीत यांचं प्रमाण सातत्याने जास्त असेल तर त्या वेळांचं फुटेज बघा. ओळखीच्या माणसाला पाच वस्तू देऊन तीनच स्कॅन करणं हा प्रकारही असाच सापडतो.

सिद्ध झालं तर कायदा कडक आहे. नोकराने मालकाच्या ताब्यातला माल चोरला तर कलम ३०६, विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अपहार केला तर कलम ३१६. दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

‘तूट सगळ्यांच्या पगारातून समान कापतो’ ही पद्धत बेकायदा आहे. १९३६ च्या वेतन कायद्यापासून आजच्या वेतन संहितेपर्यंत अट तीच आहे: माल त्या माणसाकडे स्पष्टपणे सोपवलेला हवा, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं हवं, आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलेलं हवं. महिना पंधरा हजारांवर विरार-बदलापूरहून रोज लोकलने येणाऱ्या मुलाचे आठशे रुपये, बारकोड चुकीचा वाचला गेला म्हणून कापले जात असतील तर चोरी नक्की कोण करतंय, याचा विचार मालकाने करावा.

ऑनलाइन पेमेंटमध्येही तूट येते का?

येते. गल्ल्यावरच्या क्यूआर कोडवर दुसराच कोड चिकटवला जातो आणि पैसे भलत्याच खात्यात जातात. रोज सकाळी एक रुपया पाठवून बघा. गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नाही. आवाज देणारं यंत्र वाजू द्या किंवा स्वतःच्या फोनवर खात्री करा.

चोरीला गेलेल्या मालावरचा जीएसटी?

हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा हिशोबातून काढलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, परत करावं लागतं, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(h) प्रमाणे. पुष्कळांना हे माहीतच नसतं. जेवढं क्रेडिट घेतलं तेवढंच परत करायचं. साबण, शाम्पू, टूथपेस्टचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला, त्यामुळे तो माल आधीच्या खरेदीतला की नंतरच्या हे बिलावरून बघा. कंपोझिशनमध्ये, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्के कर भरायच्या योजनेत असाल तर क्रेडिट घेतलेलंच नसतं, परत करायचा प्रश्न नाही.

आयकरात, धंद्याच्या ओघात नोकर किंवा प्रतिनिधीच्या अपहाराने झालेलं नुकसान नफ्यातून वजा होऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली बद्रीदास डागा खटल्यात मान्य केलं आहे. कागदपत्रं मात्र हवीत.

विमा पैसे देतो का?

दुकानदारांच्या पॉलिसीतला घरफोडीचा भाग साधारणपणे कुलूप किंवा शटर तोडून झालेल्या चोरीसाठी असतो. दुकान चालू असताना खिशात गेलेली वस्तू आणि मोजणीत सापडलेली तूट त्यात सहसा बसत नाही. नोकरांच्या अपहारासाठी फिडेलिटी गॅरंटी नावाचं वेगळं संरक्षण मिळतं. सही करण्याआधी ‘काय मिळणार नाही’ हे पान एजंटसमोर मोठ्याने वाचा.

मोजणी कधी आणि कशी करावी?

सगळा माल वर्षातून दोनदा: ३१ मार्चला, आणि दिवाळीचा माल भरण्याआधी. रात्री शटर अर्धं ओढून सुरुवात करा. त्या रात्री माल उतरवायचा नाही, फोनवरची ऑर्डर घ्यायची नाही. दोघा-दोघांच्या जोड्या लावा, एकाने हाताने नग मोजून आकडा सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा. कॉम्प्युटरमधला आकडा त्यांच्या कागदावर नको, तो समोर असला की माणूस नकळत तिथपर्यंत मोजतो. रॅकच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू करून खाली यायचं, मोजून झालेल्या खणावर खडूने खूण करायची. पोटमाळा, जिन्याखालची जागा, काउंटरमागचं एक्सपायरीचं खोकं, डिलिव्हरीच्या सायकलीला लटकलेली पिशवी, सगळं त्याच रात्री. फरक आलेल्या वस्तू दुसऱ्या जोडीने पुन्हा मोजायच्या, आणि त्यांना पहिला आकडा सांगायचा नाही.